सोलापूरची वैशिष्ट्ये आणि दुष्काळ

माणसांप्रमाणे गावांनाही कीर्ती लाभते, आणि ती बहुधा एखाद्या वस्तूवरून लाभते. पैठण म्हटले की पैठणी, नागपूर म्हटले की संत्रे, कोल्हापूर म्हटले की वहाण, अशा गावांच्या व वस्तूंच्या जोड्या लहानपणापासूनच आपल्या मनात बसून गेलेल्या असतात. सोलापूर म्हटले की चादर आणि शेंगांची चटणी. ह्या दोहोंपैकी एकही वस्तू न आणता कोणी गृहस्थ सोलापुराहून परत आला, तर तो खरोखर तेथे गेला होता की वाटेतूनच माघारी फिरला, अशी शंका घरच्या मंडळीस आल्यावाचून राहणार नाही.

अशा वस्तूंविषयी आपली एक सर्वसाधारण समजूत असते. ती ही की, त्या त्या गावच्या मातीचा व पाण्याचाच तो गुण आहे. ती वस्तू त्या भूमीतून जणू आपोआप उगवली. फळफळावळीच्या बाबतीत ही समजूत पुष्कळ अंशी खरीही असेल. परंतु सोलापूरच्या वस्तू तिच्यावर घासून पाहिल्या तर निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. चादर विणणारे हात तेलंगणातून आले. तिच्यावरील मोर ज्या साधनाने उमटतो ते फ्रान्स देशातील एका विणकऱ्याच्या डोक्यातून निघाले. चटणीतील शेंगदाणा आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेली. आणि ज्या भाकरीबरोबर ती चटणी खावयाची, त्या ज्वारीचे मूळ आफ्रिकेत. एवढेच नव्हे, तर सोलापूरचे जे ग्रामदैवत, त्या सिद्धरामेश्वरांची वचने कन्नड भाषेत आहेत. मग सोलापूरचे स्वतःचे असे काय उरले, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. ह्या प्रश्नाचे आमच्या अल्पमतीप्रमाणे उत्तर असे की, सोलापूरची खरी स्वतःची वस्तू म्हणजे पाण्याची टंचाई, आणि ह्या टंचाईस त्या गावाने आठ शतके निरनिराळ्या रीतींनी दिलेले तोंड. गावातील प्रेक्षणीय स्थळे काय किंवा बाजारातील प्रसिद्ध जिन्नस काय, ह्या एका सूत्रात त्यांपैकी बहुतेक ओवता येतात. ते कसे, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम भूमीकडे पाहू. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी २०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो; सोलापुरास त्याचा जेमतेम आठवा हिस्सा मिळतो, आणि तोही वेळेवर येईल असा भरवसा नाही. ढग येतात, सावली धरतात, आणि तसेच पुढे निघून जातात. भीमा जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने वाहते, सीना काही कोसांवरून जाते. खुद्द गावाच्या उशाशी मात्र मोठी नदी नाही. नदीकाठी गाव वसावे हा सामान्य नियम. येथे तो मोडला आहे. असे असूनही हे स्थान ओसाड राहिले नाही, ह्याचे कारण त्याची जागा. मराठी, कन्नड आणि तेलुगू ह्या तीन भाषांचे मुलूख जेथे एकमेकांच्या जवळ येतात, त्या पठारावर ते वसलेले आहे. व्यापारी, यात्रेकरू व सैन्य ह्या तिघांनाही येथून जावेच लागे. वाट होती, पण पाणी नव्हते. अशा ठिकाणी जो कोणी पाणी साठवील तोच गावाचा संस्थापक ठरावयाचा.

तसा पुरुष बाराव्या शतकात येथे झाला. सोळा गावे मिळून सोलापूर झाले ही व्युत्पत्ती लोकांच्या तोंडी आहे खरी. परंतु जुन्या कन्नड वाङ्मयात ह्या गावाचे नाव सोन्नलगी असे येते, आणि त्यावरूनच आजचे नाव आले असावे असा अभ्यासकांचा कल आहे. ह्या सोन्नलगीचे सिद्धराम हे बसवेश्वरांचे व अल्लमप्रभूंचे समकालीन. त्यांच्या वचनांच्या शेवटी कपिलसिद्ध मल्लिकार्जुन ही मुद्रा असते. श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाचा त्यांना ध्यास होता, आणि त्या ध्यासातून त्यांनी गावी परतून जे कार्य आरंभिले ते केवळ जपतपाचे नव्हते. त्यांनी तळे खणविले, देवालय उभारिले, गावाभोवती अडुसष्ट शिवलिंगांची स्थापना केली. आज सिद्धेश्वराचे मंदिर पाण्याने वेढलेले दिसते ते ह्याच तळ्यात.

ह्या तळ्यासंबंधी पंधराव्या शतकातील ‘शून्यसंपादने’ ह्या कन्नड ग्रंथात एक प्रसंग वर्णिला आहे. अल्लमप्रभू सोन्नलगीस आले आणि तेथे चाललेले खोदकाम पाहून त्यांनी सिद्धरामांचा वड्डर म्हणून, म्हणजे माती खणणारा म्हणून, उपहास केला. आत्मज्ञान सोडून हा खड्डे काय खणतो, असा त्यांचा रोख. ते ऐकून तळ्यावरचे खोदकाम करणारे लोक खवळले व त्यांनी प्रभूंवर दगड उचलले. पुढे सिद्धराम प्रभूंना शरण जाऊन कल्याणास गेले, असे कथेचे पर्यवसान आहे. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने अल्लमप्रभूंचा पक्ष वरचढ ठरला असेल. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहणाऱ्यास त्या खोदणाऱ्यांच्या रागाचे मर्म कळल्याखेरीज राहात नाही. ज्या मुलखात पाणी नाही तेथे तळे खणणे हीच एक उपासना होय, हे त्या अडाणी मानलेल्या लोकांना पटले होते. वादात कोणी का जिंको, तळे मात्र राहिले, आणि त्याच्या काठी गाव राहिले.

मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी गड्ड्याची यात्रा ही ह्याच सिद्धरामांची. एका कुंभारकन्येने त्यांच्याशी विवाहाचा हट्ट धरिला. ते विरक्त असल्यामुळे त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावू दिला, अशी आख्यायिका आहे. यात्रेत तो विवाह दर वर्षी होतो. सात उंच नंदीध्वज निघतात. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, तिसऱ्या दिवशी होम. अक्षता पडताना ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ हा घोष होतो. तो ऐकणाऱ्या हजारो लोकांत मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, तेलुगू बोलणारे असे सर्व असतात, आणि नंदीध्वजांचे मानही निरनिराळ्या जातीजमातींकडे आहेत. बाहेरून आलेल्यास जागा करून देण्याची सोलापूरची जी रीत पुढे दिसते, तिचा कित्ता असा देवळाच्या अंगणातच गिरविला गेलेला आहे.

तळ्याला लागूनच भुईकोट किल्ला आहे. देवालय, तळे आणि किल्ला ही तिन्ही एका दृष्टिक्षेपात यावी अशी ही जागा आहे, आणि तिचे कारणही पाणीच. किल्ल्याच्या तिन्ही बाजूंस खंदक आणि पूर्वेस सिद्धेश्वराचे तळे, अशी त्याची योजना. संताने तहानेसाठी जे पाणी साठविले, तेच पुढे सुलतानांनी संरक्षणासाठी वापरले. बहामनी काळात बांधलेला हा किल्ला, ते राज्य फुटल्यावर विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही ह्यांच्या बरोबर शिवेवर पडला. मग त्याची जी ओढाताण झाली ती मोठी मनोरंजक आहे. इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचा बुऱ्हाण निजामशहाशी विवाह झाला तेव्हा सोलापूर आंदण म्हणून देण्याचे ठरले. ते प्रत्यक्ष दिले गेले नाही म्हणून दोन्ही घराण्यांत वर्षानुवर्षे लढाया झाल्या. पुढे १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईपूर्वी सुलतानांची जूट झाली, तेव्हा हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी अली आदिलशहास दिली गेली आणि तिच्याबरोबर सोलापूर पुन्हा आंदण गेले. एका गावाला दोनदा लग्नात उभे राहण्याचा असा योग क्वचितच आला असेल. १६६८ च्या तहाने ते मोगलांकडे गेले, आणि अखेर १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोने वेढा घालून ते इंग्रजांच्या ताब्यात आणिले. त्यानंतर किल्ल्याचे महत्त्व संपले व पेठांचे वाढले. १८३८ साली सोलापूर जिल्ह्याचे ठाणे झाले. १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली. १८६० साली आगगाडी आली.

येथून आधुनिक सोलापूरचा आरंभ होतो, आणि ह्या आरंभाशीही पाणी व दुष्काळ हीच जोडी उभी आहे. शहराच्या उत्तरेस हिप्परग्याजवळ आदिला नदीवर बांध घालून केलेला एकरुख तलाव १८७१ साली पुरा झाला. सिद्धरामांनंतर सुमारे सात शतकांनी त्या मुलखात साठविलेले हे मोठे पाणी. पुढच्या पाचच वर्षांत, १८७६ साली, दख्खनच्या इतिहासातील भीषण दुष्काळांपैकी एक दुष्काळ पडला आणि तो १८७८ पर्यंत रेंगाळला. सोलापूर जिल्ह्याला तर दुष्काळ पाचवीलाच पुजलेला. पण ह्या खेपेस ढोरे मेली, गावे उठली, माणसे खडी फोडावयास लागली. आष्टीच्या तलावासारखी कामे त्या वेळी दुष्काळी काम म्हणूनच सुरू झाली. आणि ह्या दुष्काळाच्या ऐन भरात, १८७७ साली, मुंबईचे मुरारजी गोकुळदास ह्यांनी काढलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी चालू झाली. लोक तिला जुनी गिरणी म्हणत.

हा योगायोग नुसता तारखांचा नव्हे. आगगाडीने कापूस आणि कोळसा आणणे सोपे केले, हे खरे. परंतु गिरणीस लागणारे हात दुष्काळाने आणून दिले. पोटाची खळगी भरण्यासाठी शेत सोडून आलेला कुणबी, धनगर, महार, मांग असा सर्व प्रकारचा मनुष्य फाटकाशी उभा होता. मागाहून लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू अशा आणखी गिरण्या निघाल्या आणि सोलापूर धुराड्यांचे गाव झाले. ह्या वाढीची दुसरीही एक बाजू आहे व ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इंग्रज सरकारने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून गिरण्यांत कामास जुंपण्याची व्यवस्था येथे केली गेली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण शहराच्या त्या भागास लोक अद्यापि सेटलमेंट असेच म्हणतात.

आता चादरीकडे वळू. साधारण कल्पना अशी की, गिरणी आली म्हणजे हातमाग मेला. सोलापुरात नेमके उलट घडले, आणि ह्यातच त्या शहराच्या आर्थिक इतिहासाची गोम आहे. गिरण्यांनी सूत स्वस्त केले; ते सूत घेऊन हातमागवाल्यास काम करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. शिवाय मराठी बायकांना जे नऊवारी लुगडे हवे असे, त्याचे काठपदर गिरणीच्या मागावर मनासारखे उतरत नसत. ही जागा भरून काढण्यास निजामाच्या मुलखातील तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. काही आधीच आले होते. आगगाडीनंतर व दुष्काळानंतर त्यांचा ओघ वाढला. तिकडेही अवर्षण होतेच. गावच्या सावकाराचा पाश होता. आणि इकडे सूत होते, बाजार होता. शहराच्या पूर्व भागात त्यांच्या वस्त्या झाल्या. तेथे आजही दारावरच्या पाट्या तेलुगू लिपीत आढळतात. मार्कंडेय ऋषींना हे लोक आपले मूळपुरुष मानतात, आणि नारळी पौर्णिमेस मार्कंडेयाचा रथ थाटाने शहरातून निघतो. संक्रांतीस सिद्धेश्वराचे नंदीध्वज, श्रावणात मार्कंडेयाचा रथ. एकाच गावाने दोन्ही आपले म्हटले.

लुगड्यांच्या मागावर बसलेले हेच हात पुढे जेकार्डवर बसले. जेकार्ड म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. फ्रान्समधील लियाँ शहरी जोसेफ मारी जाकार ह्याने १८०४ च्या सुमारास मागावर बसविण्याची एक युक्ती सिद्ध केली. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना ठराविक ठिकाणी छिद्रे पाडून त्यांची माळ करावयाची. माळ फिरू लागली की जेथे छिद्र आहे तेथला ताण्याचा धागा उचलला जातो, जेथे नाही तेथला खाली राहतो. अशा रीतीने पट्ट्यांवर एकदा नोंदलेली नक्षी कापडावर कितीही वेळा हुबेहूब उतरते. सोलापूरच्या विणकरांनी ही युक्ती रेशमावर न चालविता जाडसर सुतावर चालविली. तीतून जी वस्तू निघाली ती दरबारी नव्हती. ती जाड, टिकाऊ, धुण्यास सोपी, दोन्ही अंगांनी वापरता येणारी, आणि तरीही अंगावर मोर, फुले व वेली मिरविणारी चादर होती. गरिबाच्या अंथरुणावरही नक्षी असावी, ही जी त्या चादरीची मुख्य कल्पना, तिला माझ्या मते फार मोल आहे.

अगदी अशीच कथा दूर जपानात घडलेली आहे, व ती ताडून पाहण्याजोगी आहे. क्योतो शहरात निशिजिन नावाचा विणकरांचा मोहल्ला आहे. निशिजिन ह्याचा अर्थ पश्चिमेकडील छावणी. १४६७ पासून १४७७ पर्यंत त्या शहरात जे ओनिनचे यादवी युद्ध झाले, त्यात पश्चिम पक्षाच्या सैन्याचा तळ ह्या जागी होता. युद्धात विणकर दाही दिशांस पांगले. शांतता झाल्यावर परतून छावणीच्या ओसाड जागेत त्यांनी माग मांडले, आणि छावणीचे नाव त्यांच्या रेशमी वस्त्रास कायमचे चिकटले. १८६९ साली सम्राटांनी क्योतो सोडून तोक्यो जवळ केले तेव्हा ह्या विणकरांचे आश्रयदाते गेले व धंद्यावर संकट आले. तेव्हा क्योतोच्या सरकारने १८७२ साली तीन माणसे निवडून लियाँस धाडली. त्यांच्या द्वारे पुढील वर्षी जेकार्ड माग निशिजिनमध्ये आला, व धंदा तगला.

दोन्हींकडे विणकर संकटाने हललेले, दोन्हींकडे साधन लियाँचे. परंतु भेद आहे तो असा की, निशिजिनच्या विणकरास त्याच्या सरकारने शिकावयास पाठविले. सोलापूरच्या विणकरास दुष्काळाने पाठविले. तो कोणाच्या खर्चाने आला नाही. बायकामुले आणि मागाचे लाकूड घेऊन आला. म्हणून सोलापूरची चादर हाती घेताना तिच्या नक्षीबरोबर ह्या पायपिटीचीही किंमत करावयास हवी. २००५-०६ साली सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल ह्या दोन्ही वस्तूंची भौगोलिक निर्देशाच्या कायद्याखाली नोंद झाली. हा मान महाराष्ट्रात प्रथम चादरीने मिळविला. दुसरीकडे विणलेल्या मालास सोलापुरी म्हणण्यास आता कायद्याने मज्जाव आहे.

बाजारातून स्वयंपाकघरात गेलो तरी सूत्र तेच राहते. सोलापूरच्या काळ्या रानात मुख्य पीक रब्बी ज्वारीचे, ज्यास शाळू म्हणतात. पावसाळा ओसरता ओसरता ती पेरतात. नंतर पाऊस बहुधा येत नाही, पण काळी माती पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर पीक काढून देते. मालदांडी ह्या प्रसिद्ध ज्वारीचा ३५-१ हा वाण ह्याच जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रात १९३० च्या सुमारास निवडून काढण्यात आला. मंगळवेढ्याच्या ज्वारीस तर चादरीप्रमाणेच भौगोलिक निर्देशाचा मान आहे. आणि मंगळवेढे म्हटले की दामाजीपंत आठवणारच. पंधराव्या शतकात बीदरच्या राजाचा हा अंमलदार. दुष्काळात त्याने धन्याच्या आज्ञेची वाट न पाहता धान्याची कोठारे लोकांस मोकळी केली, आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन त्याची भरपाई बीदरास पोहोचती केली, अशी भक्तांची कथा. कथेतला चमत्कार ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. परंतु कोठारे उघडणारा अंमलदार संतपदास चढतो, ह्यावरून त्या मुलखास कोणत्या गुणाची पूजा करावीशी वाटली हे स्पष्ट होते.

ह्या ज्वारीची पातळ भाकरी करून ती कडक वाळविली म्हणजे कडक भाकरी होते. ती पंधरापंधरा दिवस बिघडत नाही. शेंगदाणा भाजून, तिखट, लसूण, जिरे व मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटला म्हणजे चटणी होते. तीही टिकते. रानात जाणारा शेतकरी, पंढरीची वाट चालणारा वारकरी, पाळीवर जाणारा गिरणीकामगार, ह्या सर्वांस अशाच शिदोरीची गरज होती: जिला पाणी लागत नाही, जी नासत नाही, जी भाजीवाचून भागविते. पुष्कळ गावांची पक्वान्ने तुपासाखरेच्या सुबत्तेतून निघाली. सोलापूरचे खाद्य बेगमीच्या बुद्धीतून निघाले. आज शहरातील सुखवस्तू मंडळी ते चवीखातर मागवितात, हा काळाचा महिमा.

अशा निरनिराळ्या दिशांनी आलेल्या माणसांचे गाव एकजीव होते काय, ह्याची कसोटी १९३० साली लागली. गांधीजींना ५ मे रोजी अटक झाली. त्यानंतर शहरात प्रक्षोभ उसळला, गोळीबार झाले, कचेऱ्या पेटल्या. अधिकारी शहर सोडून गेले आणि तीन दिवस सोलापुरात सरकारचा अंमल असा उरला नाही. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत राहिला. मंगळवार पेठेच्या चौकीतील पोलिसांच्या मृत्यूच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन ह्या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. ह्या चार नावांकडे पाहावे: एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. चार हुतात्म्यांचा पुतळा शहराच्या मध्यभागी आहे. मार्गदर्शक पुस्तकांत त्याची नोंद एक प्रेक्षणीय स्थळ म्हणून असते. वस्तुतः गड्ड्याच्या अक्षतांत जी संमती दर वर्षी उच्चारली जाते, तिची ती रक्ताने दिलेली साक्ष आहे.

सोलापूरची आणखी एक खूण अशी आहे की ती सोलापुरात दिसत नाही. ती कायद्याच्या ग्रंथांत आहे. वर सांगितलेली जुनी गिरणी १९४९ च्या ऑगस्टमध्ये चालकांच्या गैरव्यवस्थेमुळे बंद पडली व हजारो कामगार उघड्यावर आले. सरकारने १९५० च्या जानेवारीत वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. भागीदार न्यायालयात गेले. चिरंजितलाल चौधरी ह्यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या डिसेंबरात फेटाळला. पण द्वारकादास श्रीनिवास ह्यांच्या खटल्यात डिसेंबर १९५३ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरविला. अशा निकालांतून जो पेच पडला तो सोडविण्यासाठी १९५५ साली घटनेची चौथी दुरुस्ती करावी लागली. मालकाची मालमत्ता मोठी की कामगाराची भाकरी मोठी, हा नव्या प्रजासत्ताकापुढील प्रश्न सोलापूरच्या एका गिरणीने प्रथम उभा केला, आणि कायद्याचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास आजही ह्या गावाचे नाव घ्यावे लागते.

विसावे शतक संपेपर्यंत बहुतेक मोठ्या गिरण्या थंडावल्या. हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. गिरणीमालक अप्पासाहेब वारद ह्यांनी बांधलेले इंद्रभुवन हे देखणे भवन महानगरपालिकेच्या कचेरीचे घर झाले. पद्मशाली घरांतील बायका संसारास हातभार म्हणून विड्या वळू लागल्या होत्या. हजार विड्यांच्या मजुरीवर कित्येक घरे चालली. २००६ साली कुंभारीजवळ गोदावरी परुळेकर ह्यांच्या नावाने ह्या विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची वसाहत झाली. आमच्या मते सोलापूरच्या प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत तिचाही समावेश व्हावयास पाहिजे. पाण्याची गोष्ट म्हणाल तर उजनीचे धरण १९८० साली पुरे होऊनही शहराने पुढे कित्येक उन्हाळ्यांत नळास काही दिवसांआड पाणी पाहिले आहे. सिद्धरामांचे काम अजून संपलेले नाही.

ह्या सर्व विवेचनाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे. अलीकडे प्रत्येक गाव आपल्या वस्तूंचा अभिमान बाळगू लागले आहे, त्यांची नोंद करून घेत आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु कायदा नावाचे रक्षण करतो. नावामागच्या हातांचे रक्षण त्याच्याने होत नाही. विणकराचा मुलगा मागावर बसावयास नाखूष असेल, तर सोलापुरी हा शब्द नोंदवहीत सुरक्षित राहून चादर मात्र जाईल. त्याला दोष देता येत नाही. ज्या धंद्याने बापाचे जेमतेम भागले तो त्याने का पत्करावा? मजुरी, घर आणि पाणी ह्या तीन गोष्टी त्याला ह्या गावात मिळाल्या तर तो राहील, नाही तर त्याच्या आजोबांप्रमाणे बोचके बांधून दुसऱ्या गावाची वाट धरील. त्या गावी मग एखादी नवी वस्तू निघेल आणि तिला त्या गावाचे नाव लागेल.

दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची. आपली वैशिष्ट्ये आपल्या मातीतून आपोआप उगवली, असे एकदा मानले की मनुष्य वेशीचे दार लावून घेऊ लागतो. जो कालपरवा आला तो त्याला उपरा वाटू लागतो. सोलापूरचा इतिहास ह्याच्या नेमका विरुद्ध साक्ष देतो. येथे ज्याला आज अस्सल सोलापुरी म्हणतात ते सारे कधी ना कधी बाहेरून, बहुधा तहानेने किंवा भुकेने, ह्या वेशीशी आले होते. आणि गावाने त्याला तळ्याच्या काठी बसू दिले. आजही आगगाडीतून कामाच्या शोधात कोणी ना कोणी सोलापूरच्या स्थानकावर उतरत असेल. त्याच्या गाठोड्यात काय आहे, हे आपल्याला ठाऊक नाही. पण त्याला नाकारताना चादर आणि चटणी ही एवढी दोनच नावे आठवली, तरी पुरे आहे.